मॉरिशसमध्ये प्लाय किती उतरतो? छोट्या बेटाची बोर्ड-आयात वाचण्याची रीत

न्हावा शेवाहून पोर्ट लुईसला प्लायवूडचा पहिला कंटेनर पाठवण्याआधी प्रत्येक निर्यातदाराला एकच गोष्ट हवी असते: तिथली मागणी वाढतेय की आटतेय? आकडे फुकट मिळतात आणि पाच मिनिटांत मिळतात. फसगतही तिथेच होते. छोट्या बेटाच्या डॉलरच्या रकान्यात जहाजभाडं, चलनाचा दर, उशिरा लागलेलं एखादं जहाज आणि दुसऱ्याच देशाला निघालेला माल असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. खरा कल बघायचा तर तो शीटमध्ये आणि कंटेनरमध्ये मोजावा लागतो. त्याची पद्धत इथे मॉरिशसच्या उदाहरणावरून दिली आहे. सेशेल्स किंवा मालदीवसाठीही थोडाफार फरक करून ती चालते.

मॉरिशस निवडायला कारण आहे. रॉड्रिग्ज बेटासह साधारण २,०४० चौरस किलोमीटरचा हा देश, वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) जवळजवळ सगळा समुद्रातून येतो, त्यामुळे आयात कळली की बाजार कळला. शिवाय १८३०च्या दशकापासून तिथे मराठी माणसं आहेत आणि भारताशी व्यापार करार आहे.

आधी कोड पक्के करा

जगभरच्या कस्टम्समध्ये माल एचएस नावाच्या एकाच कोड-यादीत नोंदला जातो. तिथे बोर्डाची तीन मुख्य शीर्षकं: ४४१० म्हणजे पार्टिकल बोर्ड आणि ओएसबी (लाकडाच्या पट्ट्या दाबून केलेला बोर्ड), ४४११ म्हणजे फायबर बोर्ड, ४४१२ म्हणजे प्लायवूड आणि त्याचे भाईबंद. चार अंकांवर थांबलात तर चित्र ढोबळ राहतं, म्हणून सहा अंकांपर्यंत जा.

४४११ मध्ये एमडीएफ जाडीनुसार विभागलेला आहे: ४४११.१२ मध्ये ५ एमएमपर्यंत, ४४११.१३ मध्ये ५ ते ९ एमएम, ४४११.१४ मध्ये ९ एमएमच्या वर. फर्निचरचा १६ आणि १८ एमएम माल शेवटच्या कोडमध्ये येतो, कपाटाच्या पाठीला लागणारा पातळ माल पहिल्यात. मधल्या कोडपासून सावध राहा: ७-८ एमएमचं लॅमिनेट फ्लोअरिंग एचडीएफवर, म्हणजे जास्त घट्ट दाबलेल्या फायबर बोर्डवर, बनतं आणि बहुतेकदा ४४११.१३ मध्येच नोंदलं जातं. तिथे उडी दिसली तर सुतारांची मागणी वाढली असं धरू नका, एखाद्या हॉटेलने जमिनी बदलल्या असतील. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे ४४११.९२ ला एचडीएफ समजणं. ४४११.९२ ते ९४ हे कोड मुख्यतः ओल्या प्रक्रियेने बनणाऱ्या हार्डबोर्डसारख्या मालाचे आहेत. कोरड्या प्रक्रियेचा बोर्ड कितीही घट्ट असला तरी १२-१३-१४ मध्येच बसतो.

४४१२ मध्ये खरी डोकेदुखी कोड बदलण्याची आहे. एचएस यादीच्या २०१७च्या आवृत्तीत ४४१२.३२ फोडून ४४१२.३३ आणि ४४१२.३४ केले. २०२२च्या आवृत्तीत ब्लॉकबोर्ड ४४१२.९४ मधून उठून ४४१२.५१, ५२ आणि ५९ मध्ये गेला, आणि एलव्हीएलला (पातळ थर एकाच दिशेने चिकटवून केलेलं लाकूड) ४४१२.४१, ४२, ४९ अशी स्वतंत्र घरं मिळाली. त्यामुळे कुणी ४४१२.९४ ची दहा वर्षांची रेघ काढली, तर २०२२ला ती शून्यावर कोसळते. बेटावर ब्लॉकबोर्ड वापरणं कुणी थांबवलेलं नसतं, फक्त कोडचा पत्ता बदललेला असतो. म्हणून आधी ४४१२ची पूर्ण बेरीज, मग जुन्या-नव्या कोडची जोडी लावून आतला हिशेब.

आता या तीन शीर्षकांच्या बाहेरचे कोड. हे बहुतेक जण काढतच नाहीत आणि कलाचं कारण बरेचदा इथेच सापडतं. दमट हवेच्या बेटावर स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये पीव्हीसी फोम बोर्ड प्लायची जागा घेतो, तो ३९२१.१२ मध्ये असतो. काँक्रीट ओतताना लावायचं लोखंडी शटरिंग आणि टेकू ७३०८.४० मध्ये. तयार स्वयंपाकघराचं फर्निचर ९४०३.४०, बेडरूमचं ९४०३.५०, आणि बाकीचं लाकडी फर्निचर ९४०३.६० मध्ये. दरवाजे ४४१८ मध्ये. प्लाय घटला आणि त्याच काळात ९४०३.४० वाढला, तर मागणी मेलेली नाही, सुतारकाम परदेशातल्या कारखान्यात गेलं आहे. तुमच्यासाठी ही दोन अगदी वेगळी संकटं आहेत.

आकडे उतरवताना

संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड डेटाबेस हे पहिलं ठिकाण. मॉरिशसचा देशकोड ४८०. भारताचा तिथला कोड ६९९ आहे. नेहमीचा ३५६ टाकून भारताची ओळ शोधत बसणारे पुष्कळ भेटतात. स्टॅटिस्टिक्स मॉरिशसची तिमाही प्रकाशनं सोबत ठेवा. भारताच्या बाजूचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटा बँकेत मिळतात.

वर्ष जुळवायला विसरू नका. आपले आकडे एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचे वार्षिक आकडे बहुतेक देशांसाठी जानेवारी ते डिसेंबर, आणि मॉरिशसचं सरकारी आर्थिक वर्ष जुलै ते जून. तिन्ही एकाच तक्त्यात २०२३ या नावाखाली टाकले, तर तुलना निकामी होते. शक्य तिथे महिन्यांचे आकडे घ्या आणि स्वतः बारा महिने जोडा.

प्रत्येक ओळीसाठी किंमत, निव्वळ वजन आणि प्रमाण असे तीन रकाने हवेत. प्रमाणाचं एककही उतरवून घ्या: काही देश घनमीटर देतात, काही चौरस मीटर, काही फक्त किलो. वजन किंवा प्रमाण अंदाजाने भरलेलं असेल तर कॉमट्रेडमध्ये तशी खूण असते. ती खूण असलेली ओळ वेगळ्या रंगाने दाखवा, कारण अंदाज बरेचदा किमतीवरूनच केलेला असतो आणि त्यावरून भाव काढला की तुम्ही गोल गोल फिरता.

घनतेची कसोटी

सगळ्या रीतीत ही पायरी सर्वांत मोलाची आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात. वजनाला घनमीटराने भागा. उत्तर बोर्डाच्या घनतेइतकं आलं पाहिजे: पॉप्लरचा हलका प्लाय घनमीटरला साधारण ५०० ते ५५० किलो, हार्डवूडचा ६०० ते ७५०, पार्टिकल बोर्ड ६०० ते ७००, एमडीएफ ७०० ते ८००. जड शटरिंग प्लाय किंवा हार्डबोर्ड याच्याही वर जातो.

उत्तर १ आलं, तर कुणीतरी किलोचा आकडा घनमीटरच्या रकान्यात भरला आहे. १० ते १५ च्या आसपास आलं, तर रकान्यात घनमीटर नसून चौरस मीटर आहेत (१८ एमएम एमडीएफचा एक चौरस मीटर साधारण १३ किलो भरतो). ३०-४० आलं, तर शीटची संख्या लिहिली आहे, कारण १८ एमएमची आठ बाय चारची एमडीएफ शीट सुमारे ३९ किलोची असते. चूक कोणती ते अशी कळते, आणि कळली की दुरुस्तही करता येते: वजन खरं धरा, त्याला त्या मालाच्या घनतेने भागा, घनमीटर मिळाले.

त्यानंतर भावाची कसोटी. किंमत भागिले घनमीटर. साध्या प्लायचा किंवा एमडीएफचा भाव घनमीटरला काही शे डॉलर असतो. ४० किंवा ४,००० डॉलर निघाले, तर ती ओळ तपासल्याशिवाय पुढे नेऊ नका. मोठ्या देशात अशी एक चूक बेरजेत विरघळून जाते. बेटावर ती एकटी सबंध वर्षाचा कल उलटवू शकते.

शीट आणि कंटेनरमध्ये उतरवा

१२२० बाय २४४० एमएमच्या शीटचं क्षेत्रफळ २.९७७ चौरस मीटर. म्हणजे १८ एमएमची एक शीट ०.०५३६ घनमीटर, आणि एका घनमीटरात १८.७ शीट. १२ एमएमच्या २८, ९ एमएमच्या ३७, ६ एमएमच्या ५६. पण सगळीकडे आठ बाय चार धरू नका. दक्षिण आफ्रिकेकडून येणाऱ्या मेलामाइन बोर्डाचं नेहमीचं माप २७५० बाय १८३०, युरोपातल्या बोर्डाचं २८०० बाय २०७०. १६ एमएमच्या २७५० बाय १८३० शीट घनमीटरला जेमतेम साडेबारा बसतात.

कंटेनरचं गणित फसवं आहे. २० फुटी पेटीची आतली जागा ३३ घनमीटर, पण रुंदी २.३५ मीटरच. १.२२ रुंदीचे दोन गठ्ठे शेजारी-शेजारी आडवे ठेवायला २.४४ लागतात, ते बसत नाहीत. काही गठ्ठे कडेवर उभे करावे लागतात आणि प्रत्यक्षात २२ घनमीटरच्या आसपास माल जातो. ४० फुटी हाय क्यूबमध्ये हलका पॉप्लर प्लाय ५० घनमीटरपर्यंत भरता येतो. एमडीएफला मात्र तिथे वजन आडवं येतं: २६ टन धरले तर साधारण ३५ घनमीटर, म्हणजे १८ एमएमच्या साडेसहाशेच्या वर थोड्या शीट.

हे सगळं एका कल्पित उदाहरणात बघा. समजा ४४११.१४ मध्ये पहिल्या वर्षी ९,२०,००० किलो, १,२५० घनमीटर आणि ४,३७,५०० डॉलर नोंदले आहेत. घनता ७३६, म्हणजे ओळ विश्वासाची. दुसऱ्या वर्षी किंमत ४,९०,००० डॉलर, पण वजन ८,३०,००० किलो. डॉलर वाचणारा म्हणेल बाजार १२ टक्क्यांनी वाढला. वजनावरून घनमीटर १,१२८ निघतात, म्हणजे माल जवळपास १० टक्क्यांनी घटला. शीटमध्ये २३,३०० वरून २१,००० च्या आसपास, आणि २६ टनी कंटेनरमध्ये ३५ वरून ३२. फरक फक्त तीन कंटेनरांचा! एक जहाज डिसेंबरऐवजी जानेवारीत लागलं, तरी एवढा फरक पडतो. म्हणजे ‘वाढ’ खोटी आणि ‘घट’ही अजून सिद्ध झालेली नाही.

म्हणून बेटासाठी टक्क्यांच्या शेजारी कंटेनरची संख्या लिहिल्याशिवाय तक्ता पुरा समजू नये. आमचा ढोबळ नियम असा: तीन-चार कंटेनरांच्या आतला फरक म्हणजे कल नव्हे. दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांची बेरीज काढून ती रेघ बघा, आणि देशादेशांचा वाटा तीन वर्षांच्या सरासरीवर काढा.

भाडं आणि चलन वेगळं करा

आयातीची किंमत सीआयएफ असते, म्हणजे भाडं आणि विमा धरून. बोर्ड हा जागा खाणारा, किलोमागे स्वस्त माल आहे, त्यामुळे भाड्याचा वाटा मोठा पडतो. समजा एका कंटेनरातला माल एफओबी, म्हणजे भाडं-विमा न धरता, १४,००० डॉलरचा आहे. भाडं १,५०० असताना तो १५,५०० ला नोंदला जातो, ६,००० झालं की २०,००० ला. एक शीट न वाढता आयात २९ टक्क्यांनी फुगली. २०२१ मध्ये जगभर कंटेनरचं भाडं कडाडलं तेव्हा नेमकं हेच झालं. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्या काळाचे आकडेही याच नजरेने वाचावेत.

मॉरिशसच्या रुपयातले आकडे घेतलेत तर दुसरा थर चढतो. २०२०च्या सुरुवातीला डॉलरला साधारण ३६-३७ मॉरिशस रुपये पडत होते, २०२४ मध्ये ४६ च्या आसपास. तेवढ्यानेच रुपयातली आयात पंचवीस टक्क्यांनी मोठी दिसते. रुपयातल्या आकड्याचा उपयोग एकाच कामाला: दुकानदाराला आणि घर बांधणाऱ्याला प्लाय किती महाग पडला हे समजायला. त्यावर १५ टक्के व्हॅट आहेच.

पलीकडच्या देशाचं खातं ताडून बघा

मॉरिशस म्हणतो चीनकडून इतका माल आला, चीन म्हणतो मॉरिशसला इतका पाठवला. दोन्ही आकडे कधी तंतोतंत जुळत नाहीत. निर्यात एफओबीने आणि आयात सीआयएफने नोंदली जाते, हा पहिला फरक. सर्वसाधारण व्यापारात त्यासाठी १० टक्क्यांची ठोकळ सूट देतात, पण बोर्डासाठी आणि दूरच्या बेटासाठी ती कमी पडते. नोव्हेंबर-डिसेंबरात निघालेला माल पुढच्या वर्षात उतरतो, हा दुसरा. म्हणून किंमत ताडू नका, वजन ताडा, आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांची बेरीज घ्या. एवढं करूनही चीनचं वजन मॉरिशसच्या नोंदीपेक्षा बरंच जास्त निघालं, तर माल पोर्ट लुईसला उतरून पुढे गेलेला असू शकतो.

कारण पोर्ट लुईस हे फेरभरणीचं बंदर आहे, आणि १९९२ पासून तिथे फ्रीपोर्ट, म्हणजे माल करमुक्त साठवून पुढे पाठवण्याचं क्षेत्र, आहे. मॉरिशसच्या पुनर्निर्यातीत ४४१०, ४४११, ४४१२ खाली मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस, रीयुनियन यांच्या ओळी बघा आणि तो माल आयातीतून वजा करा. उरलं ते बेटाचं. रॉड्रिग्जला पोर्ट माथुरिनला जाणारा माल मात्र वजा करायचा नाही, तो देशांतर्गत आहे.

शेजारच्या रीयुनियनशी तुलना करावीशी वाटेल. कॉमट्रेडमध्ये रीयुनियन स्वतंत्र सापडणार नाही, कारण १९९७ पासून फ्रान्सचे आकडे सागरापारचे प्रांत धरून दिले जातात. त्यासाठी फ्रेंच कस्टम्सच्या प्रादेशिक आकड्यांकडे जावं लागतं, आणि तिथे ऑक्त्रोआ द मेर नावाचा स्थानिक कर लागतो हेही हिशेबात धरावं लागतं.

मग कारणाकडे वळा

मॉरिशसमधली घरं आज काँक्रीटची आहेत. १९६०च्या जानेवारी-फेब्रुवारीत ॲलिक्स आणि कॅरोल ही चक्रीवादळं लागोपाठ आली, लाकूड-पत्र्याची घरं उडाली, आणि तिथून बांधकाम काँक्रीटकडे वळलं. म्हणून अमेरिकी बेटांचा अनुभव इथे लावू नका: तिथे वादळानंतर भिंती-छपरांसाठी प्लाय आणि ओएसबी उसळतो. मॉरिशसमध्ये प्लायचा मोठा वापर स्लॅबच्या शटरिंगला आहे. त्याची मागणी बांधकामाच्या परवान्यांबरोबर आणि मोठ्या सरकारी कामांबरोबर चालते. शटरिंग प्लायची शीट पुन्हा पुन्हा वापरली जाते, त्यामुळे चांगला फिल्म-फेस (वर गुळगुळीत थर चढवलेला) माल आला की शीटची संख्या घटते आणि भाव चढतो. त्याच वेळी ७३०८.४० वाढत असेल, तर ठेकेदार लोखंडाकडे वळताहेत.

एमडीएफ, मेलामाइन आणि विनियरचा माल हॉटेलांच्या पाठोपाठ चालतो. २०१९ मध्ये १३.८ लाख पर्यटक आले होते, २०२१ मध्ये १.८ लाखांच्या आसपास, २०२३ मध्ये पुन्हा १३ लाखांजवळ. पण हॉटेलं रिकामी असतानाच खोल्या नव्या करतात. त्यामुळे पर्यटक आणि बोर्ड यांची रेघ एकाच महिन्यात जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका, सहा ते बारा महिने मागे-पुढे सरकवून बघा.

महिन्यांच्या आकड्यांत दोन खड्डे नेहमीचे. चिनी नववर्षाच्या सुट्टीचा परिणाम साधारण मार्च-एप्रिलच्या उतरणीत दिसतो. दुसरा वादळांचा, नोव्हेंबर ते एप्रिल: वादळात बंदर बंद राहतं, जसं जानेवारी २०२४ मध्ये बेलालच्या वेळी राहिलं. खड्ड्यानंतरचा उंचवटा ही साठलेल्या जहाजांची उतराई असते. शिवाय बेटावरचे घाऊक व्यापारी काही महिन्यांचा साठा धरतात. भाडं वाढणार अशी कुणकुण लागली की आधीच भरून ठेवतात आणि पुढच्या दोन तिमाही सुन्या जातात.

माल पाठवणाऱ्यासाठी

कल पटला तर पुढची तपासणी कोटेशनच्या आधी करा. भारत-मॉरिशस करार, म्हणजे सेक्पा (CECPA), १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. तुमच्या नेमक्या कोडला त्याचा लाभ आहे की नाही, हे यादीत बघूनच मूळ-देश प्रमाणपत्राचा खर्च धरा. आपल्याकडे भारतीय मानकांत, म्हणजे साध्या प्लायसाठी आयएस ३०३, शटरिंगसाठी आयएस ४९९०, मरीनसाठी आयएस ७१० असं बोलण्याची सवय आहे. तिथला ग्राहक ब्रिटिश आणि युरोपीय मानकांत विचारतो, चौकशीचं पत्र फ्रेंचमध्येही येतं आणि त्यात प्लायवूडला ‘काँत्रप्लाके’ म्हटलेलं असतं. चिकटवण्याचा वर्ग आणि फॉर्मल्डिहाइड वायू कमी सुटतो याचा ई-१ दाखला हातात ठेवा.

प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड आयएसपीएम १५ च्या, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमातून सुटतात, कारण गोंद, उष्णता आणि दाब यांतून ते गेलेले असतात. खालचं पॅलेट, टेकू आणि पाचरी सुटत नाहीत: गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा एचटी शिक्का त्यांच्यावर हवा. साध्या लाकडाची एक पाचर सबंध कंटेनर अडकवू शकते. ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर आणूनच भरा. पावसाळ्यात न्हावा शेवाला भरलेला ओलसर माल बंद पेटीत घाम सुटून बुरशी धरतो. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा आणि गठ्ठ्यांच्या कडा झाका, कारण पाणी आधी कडेतून शिरतं.

तक्त्याच्या खाली आकडे कोणत्या तारखेला उतरवले ते लिहून ठेवा. मागच्या वर्षांचे आकडे नंतर सुधारले जातात, आणि सहा महिन्यांनी तीच ओळ उघडली की वेगळा आकडा दिसतो. जुनी फाइल पुसू नका, नवीन शेजारी ठेवा. कोणत्या कोडमध्ये आणि कोणत्या देशाच्या ओळीत दुरुस्ती झाली, ते दोन्ही फाइली ताडल्या की दिसतं.